लेझर लावला तरी गोळी डावीकडं खालीच बसते, त्याचं काय करायचं?

आपल्या बेळगाव भागात निपाणी असो, संकेश्वर असो नाहीतर खानापूर, बत्तीस बोअरचं छोटं हत्यार बाळगणाऱ्याचा मला फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काका, गोळी डावीकडं खाली बसायलीय." अलीकडं त्याला एक शेपूट जोडलं गेलंय. "म्हणून लेझर बसवून घेतला." मग जरा आवाज उतरवून, "तरी तिथंच बसते की."

बसणारच. हत्याराला बसवलेला लेझर समोर एक ठिपका टाकतो. चाप दाबण्याआधी नळी कुठं बघत होती, एवढंच तो ठिपका दाखवतो. चाप दाबताना तुम्ही ती नळी कुठं नेलीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. गवंड्याचा ओळंबा भिंत कलली आहे हे दाखवतो, भिंत सरळ करत नाही. तेव्हा लेझर काढून फेकायची गरज नाही आणि त्याच्यावर सगळा भार टाकण्यातही अर्थ नाही.

आपल्या भागात छोटं हत्यार बाळगणारी माणसं कोण, ते आधी लक्षात घ्या. पेट्रोल पंपवाले, सराफ, उसाच्या मळ्यात घर असलेले शेतकरी, फौजेतून उतरलेले काही जण. बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली. हत्यार कानपूरचं, मधून मोडून उघडणारं बत्तीसचं रिव्हॉल्वर, नाहीतर वडिलांकडून वारशानं आलेलं जुनं विलायती. परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकी, त्यामुळं सराव नावालाच. रायफल आयुष्यभर चालवलेला फौजीसुद्धा या चिमुकल्या हत्यारापुढं गडबडतो, आणि त्याला कारण आहे. ते पुढं येईलच.

आधी दोष हत्याराचा की हाताचा, हे वेगळं काढा. घरी बसून तर्क करू नका. रेंजवर, प्रशिक्षक शेजारी असताना सात मीटरवर टार्गेट लावा. लेझर बंद ठेवा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर दोन्ही मनगटं टेकवा. नळी पिशवीवर टेकवायची नाही, आणि बोटं सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागाच्या, पुढच्या फटीपासून लांब ठेवायची. त्या फटीतून तापलेला वायू बाजूला उडतो आणि बोट भाजतं. घोडा (चाप नव्हे, मागून काडतुसावर आपटतो तो) मागं ओढून, सावकाश, माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा, मागच्या खाचेत मधोमध ठेवून पाच गोळ्या मारा. मग नवं टार्गेट लावून, उभं राहून, नुसत्या हातानं, घोडा न ओढता पाच.

दोन्ही टार्गेटं शेजारी शेजारी धरा. एकेक भोक बघत बसू नका, पाचही भोकांच्या घोळक्याचा मध्य बघा. फौजेतले लोक त्याला एमपीआय (मीन पॉइंट ऑफ इम्पॅक्ट) म्हणतात. टेकवून मारलेला घोळका मधोमध आहे आणि हातानं मारलेला डावीकडं खाली घसरलाय, तर हत्यार निर्दोष आहे. दहातल्या नऊ फोनांचा निकाल इथंच लागतो. टेकवूनही घोळका घट्टच आहे पण बाजूला आहे, तर माशी वाकली असेल किंवा काडतूस बदललं असेल. टेकवूनसुद्धा भोकं विखुरलेली असतील तर हत्यार परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं न्यायचं. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरांत वरची कडी झिजते, आणि ज्यांची मागची खाच त्या कडीवरच असते त्यांचा नेम दर उघडझापीला थोडा बदलतो. काडतूस कुठलं भरलंय तेही बघून घ्या. रिव्हॉल्वरचं काडतूस म्हणजे बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग, पिस्तुलाचं म्हणजे बत्तीस एसीपी. दोन्ही बत्तीसच म्हणून एकाचं दुसऱ्यात बसवून बघणारे बहाद्दर आहेत. ते करू नका.

आता हत्यार बरोबर निघालं असं धरू.

छोट्या हत्यारावर माशी आणि खाच यांच्यात अंतर किती असतं? हिशेबाला सोपं म्हणून १० सेंटिमीटर धरा. माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर सात मीटरवर गोळी ७ सेंटिमीटर बाजूला जाते. रायफलीवर हेच अंतर ५० सेंटिमीटर धरलं, तर तेवढीच चूक सात मीटरवर दीड सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. फौजी गडबडतो तो इथं. त्याचा हात बिघडलेला नसतो. रायफल जी चूक पोटात घालत होती, ती हे हत्यार पाचपट करून कागदावर दाखवतं. मात्र सगळा हात आहे तसाच एक सेंटिमीटर सरकला, तर गोळीही एकच सेंटिमीटर सरकते. म्हणजे हात हलतो याची फार चिंता नको. मनगट मोडून नळीचं तोंड वळणं, हे खरं दुखणं.

नळीचं तोंड वळतं का, त्याचा हिशेब चापात आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. त्या खेळात लेझर चालतच नाही, उघडी माशी आणि खाच एवढंच. पण नियम असा की पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत जड चालतं आणि चाप कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो. म्हणजे चापाचा जोर हत्याराच्या वजनाच्या आसपासच राहतो. आता २०१४ साली आलेलं आपलं कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्वर, निर्भीक, घ्या. हत्यार ५०० ग्रॅमचं. घोडा न ओढता मारायचं म्हटलं की चापाचा जोर चार-पाच किलोंचा. हत्याराच्या वजनाच्या आठ-दहा पट जोर एका बोटानं लावायचा आणि बाकीच्या बोटांनी हलायचं नाही! ते सरावाशिवाय कुणालाच जमत नाही.

लेझरनं इथं उलट भर पडते. आमच्या रेंजवर एका पंपमालकाचा हात मी शेजारून बघत होतो, टार्गेटकडं बघतच नव्हतो. लेझर चालू, लाल ठिपका काळ्या वर्तुळात इकडून तिकडं फिरतोय. ठिपका फिरतो म्हणून गडी अस्वस्थ. चाप अर्ध्यावर येऊन थांबलेला, बोटाचं नख पांढरं पडलेलं. ठिपका मधोमध आला रे आला की पाचही बोटं एकदम आवळायची. त्या दस्त्यावर करंगळीला जागाच नाही, ती खाली लोंबकळत होती, तीही आत वळायची. नळीचं तोंड खाली, आणि उजव्या हातामुळं डावीकडं. माशी-खाचेनं मारतानाही त्याचा हात तेवढाच हलत होता, पण तेव्हा ते हलणं त्याच्या नजरेत भरत नव्हतं, म्हणून तो चाप सलग ओढत होता. लेझरनं थरथर दाखवली आणि हा ठिपका पकडायच्या मागं लागला.

म्हणून पहिला उपाय: ठिपका पकडायचा नाही. तो फिरणार. सात मीटरवर तो वाटीएवढ्या जागेत फिरत असेल, तर गोळ्याही साधारण त्याच वाटीत पडतील, आणि स्वसंरक्षणाला तेवढं पुष्कळ झालं. ठिपका फिरू द्यायचा आणि चाप एका लयीत, मध्ये न थांबता मागं आणायचा.

दुसरा उपाय घरी करायचा, रिकाम्या हत्यारानं. रिकामं म्हणजे खरंच रिकामं. हत्यार मोडून उघडायचं, काडतुसं काढायची, सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोट घालून चाचपायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची, त्याच टेबलावर नाही. तोंड पक्क्या दगडी किंवा विटांच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडं माणसांचा वावर नसावा. पत्रा, कूड, प्लायवूडचं पार्टिशन यांना इथं भिंत समजू नका. घोडा रिकाम्या घरावर पुन्हा पुन्हा आपटून जुन्या रिव्हॉल्वरची सुई खराब होऊ शकते, तेव्हा डमी, म्हणजे न उडणारी खोटी, काडतुसं मिळाली तर ती घाला. डमीचा रंग जिवंत काडतुसापेक्षा एका नजरेत वेगळा दिसला पाहिजे.

आता लेझर चालू करा. पाच पावलांवर चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलनं एक फुली. ठिपका फुलीवर आणा आणि चाप सावकाश ओढा. बघायचं एकच, घोडा पडतो त्या क्षणी ठिपका कुठं उडी मारतो. (पुढचं सगळं उजव्या हाताच्या माणसाचं. डावखुऱ्यानं डावं-उजवं उलटं वाचावं.) ठिपका डावीकडं खाली पळाला तर बाकीची बोटं चापाच्या बोटाबरोबर आवळली जातायत. करंगळी दस्त्याखाली दुमडून ठेवा, मधल्या आणि अनामिकेच्या पकडीवर भर द्या, आणि पकड एकदा जेवढी घट्ट केली तेवढीच शेवटपर्यंत ठेवा. ठिपका सरळ खाली गेला तर तुम्ही धक्क्याची वाट बघताय आणि मनगट आधीच खाली दाबताय. उजवीकडं गेला तर अंगठा कडेनं ढकलतोय. आहे तिथंच थरथरत राहिला, तर झालं, हेच हवं होतं.

मग लेझर बंद करून तीच फुली माशीनं धरा. चाप ओढताना माशी खाचेतून कुठं सरकते ते आता दिसायला लागतं, कारण काय शोधायचं ते ठिपक्यानं शिकवलेलं असतं. चालू, बंद, चालू, बंद असा सराव रोज थोडा थोडा केला, तर रेंजवरची काडतुसं वाचतात. रविवारी एका बैठकीत शंभर वेळा चाप ओढून काही होत नाही, दमलेलं बोट परत जुन्याच खोडीवर जातं. लेझरवाल्यांचा खरा फायदा मला विचाराल तर हाच आहे. घरच्या भिंतीवर लेझर जेवढं शिकवतो, तेवढं रात्री चोर आल्यावर उपयोगी पडेलच असं नाही.

रेंजवर त्याची परीक्षा अशी: प्रशिक्षकाला सिलिंडर भरायला सांगा, तुम्ही बघू नका. चार जिवंत, दोन डमी, क्रम त्याला माहीत. डमीवर घोडा पडला आणि नळीनं मान खाली घातली, तर आजवर गोळ्या कुठं जात होत्या ते सगळ्या रेंजला कळतं. हशा होतो, होऊ दे.

आता डोळे. हा भाग कुणी विचारत नाही आणि अर्ध्या लोकांचं दुखणं इथंच असतं. उघड्या माशीनं नेम धरताना माशी स्पष्ट दिसायला हवी, खाच आणि टार्गेट दोन्ही धूसर चालतात. पन्नाशीनंतर हातभर अंतरावरची माशीच पुसट होते. मग माणूस नकळत टार्गेटकडं बघतो, माशी खाचेत कुठंही असते, आणि वरचा एक मिलिमीटरचा हिशेब सुरू होतो. वाचायचा चष्मा लावून भागत नाही, तो साधारण ४० सेंटिमीटरवरच्या पेपरासाठी असतो आणि माशी असते ६५ सेंटिमीटरच्या आसपास. दोन भागांच्या चष्म्यात खालच्या तुकड्यातून बघायचं तर हनुवटी वर करावी लागते, आणि मान तशी ताणली की पकडही बिघडते.

करायचं काय, तर हात पुढं ताणून, मुठीत माशीच्या जागी पेन्सिल धरून, डोळ्यापासून पेन्सिलीपर्यंत घरच्यांकडून टेपनं अंतर मोजून घ्या आणि तो आकडा चष्मेवाल्याला द्या. ६५ सेंटिमीटर आलं तर लांबच्या नंबरात साधारण दीड नंबर वाढवून काम होतं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना देतात तसलाच चष्मा. डॉक्टरांना "बंदुकीसाठी" सांगायला संकोच वाटला तर टीव्हीच्या रिमोटसाठी सांगा, अंतर तेवढंच. ज्यांना मोतीबिंदू आहे, किंवा चष्म्यानंही माशी दिसत नाही, त्यांनी मात्र लेझरचा विचार जरूर करावा. तिथं त्याच्या तोडीचं काही नाही. नजर टार्गेटवर ठेवूनच नेम दिसतो, आणि भ्यालेल्या माणसाची नजर तशीही समोरच्या माणसावरच खिळलेली असते, माशीवर येत नाही.

हात आणि डोळे ठीक, तरी लेझर एक दाखवतो आणि गोळी दुसरीकडं जाते? मग लेझरची स्वतःची दुखणी तपासा. कानपूरच्या रिव्हॉल्वरला नळीखाली रेल, म्हणजे लेझर अडकवायची पट्टी, नाही, त्यामुळं लोक चापाच्या कड्याला चिमटा मारून लेझर कसतात. दोन-चार गोळ्यांच्या धक्क्यानं तो स्क्रू सैल होतो. बोटानं हलवून बघा, जरासुद्धा हलला तर त्या लेझरचा नेम कालचा समजा. दुसरं, लेझर नळीच्या खाली असतो. समजा तो ३ सेंटिमीटर खाली आहे आणि सात मीटरवर गोळी आणि ठिपका एकत्र येतील असा बसवलाय. साडेतीन मीटरवर गोळी ठिपक्याच्या दीड सेंटिमीटर वर बसेल आणि चौदा मीटरवर तीन सेंटिमीटर खाली. हा बिघाड नव्हे, भूमितीच तशी आहे. पण बाजूच्या दिशेलाही फरक वाढत जात असेल तर लेझर तिरका बसलाय.

दस्त्यातच लेझर असलेली परदेशी हत्यारं असतात. त्यांत किरण उजव्या बाजूनं निघतो. बोट चापाबाहेर सरळ ठेवलं, आणि तिथंच ठेवायचं असतं, की ते किरणाच्या आड येतं आणि ठिपका गायब. मालक घाबरून बॅटरी बदलतो. बोट जरासं खाली घेऊन बघा, बस्स.

ठिपका फाटल्यासारखा, चांदणीसारखा दिसत असेल तर काचेवर काजळी बसली आहे. सिलिंडरच्या त्याच फटीतून उडालेली. मऊ कापड आणि चष्म्याचं द्रावण पुरे, तेलाचा बोळा काचेला लावू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात काचेवर एक थेंब बसला तरी हेच होतं, वर धुक्यात अख्खा किरणच दिसतो आणि तुम्ही कुठं उभे आहात ते समोरच्याला कळतं.

दिवसा ठिपका दिसत नाही ही तक्रार खरी, पण तो बिघाड नाही. मे महिन्याच्या उन्हात पांढऱ्या भिंतीवर लाल ठिपका काही पावलांतच विरतो. लाल घ्यायचाच तर ६५० नॅनोमीटरऐवजी ६३५ चा घ्या, तेवढ्याच शक्तीत डोळ्याला दुप्पट उजळ दिसतो. हिरवा ५३२ चा त्याहून चौपट उजळ, पण बॅटरी लवकर खातो. ज्यांना लाल रंगच मंद दिसतो त्यांनी तर हिरवाच घ्यावा. बटणसेल वर्षातून एकदा, परवान्याचे कागद तपासाल त्याच दिवशी बदला. कपाटात सेल पाझरून लेझर मेल्याचं गरज पडल्यावर कळणं काही कामाचं नाही.

रात्रीचं जरा सविस्तर सांगतो, कारण मळ्यातले लोक लेझर घेतात ते रात्रीसाठीच. अंधारात लेझर झकास दिसतो. पण ठिपका कुठं पडलाय ते दिसतं, कुणावर पडलाय ते दिसत नाही. आपल्याकडं रात्री थ्री फेज आली की मोटर चालू करायला कोण कोण उठतं? गडी उठतो, चुलतभाऊ उठतो, शेजारच्या मळ्यातला आपल्या बांधावरून जातो. ऊसतोड चालू असली तर टोळीतली माणसं, बायका-पोरं खोपटातून बाहेर आलेली असतात. अशा वेळी लाल ठिपक्यापेक्षा डाव्या हातातली चांगली टॉर्च आणि "कोण हाय रे तिकडं?" अशी हाक लाख पटीनं उपयोगाची. टॉर्च हत्यारापासून वेगळी हवी. हत्यारालाच बांधलेल्या टॉर्चनं माणूस ओळखायचा म्हणजे आधी त्याच्यावर नळी रोखायची. हे न पटणाऱ्यानं लेझर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिलं घरगुती कारागिरीचं. गोळी खाली बसते म्हणून कुणी माशी कानशीनं घासतं. माशी बुटकी झाली की गोळी वर जाते हे खरं. पण दुखणं हाताचं असताना घासलेली माशी हात सुधारल्यावर गोळी डोक्यावरून घालवते, आणि घासलेलं परत चिकटवता येत नाही. लेझरसाठी चौकटीला भोक पाडणं, वेल्डिंगवाल्याकडून पट्टी बसवून घेणं, यातलं काहीही करू नका. हत्याराचं काम परवाना असलेल्या दुकानातच होतं, आणि पार्सलनं दारात आली म्हणून एखादी वस्तू कायदेशीर ठरत नाही. घेण्याआधी डीलरला विचारा.

आणि सराव कोल्हापूरला करू म्हणून हत्यार गाडीत टाकून निघण्याआधी परवान्यावरचा हद्दीचा रकाना वाचा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. आपली बोली तिकडंही तीच असली तरी कर्नाटकापुरता परवाना तिकडं चालत नाही. हद्द वाढवून घ्यायची असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. फॉर्म कानडीत असेल तर पोराला नाहीतर नातवाला बरोबर न्या, आणि निवडणुकीच्या आधीच जा. आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते आणि सरावही तेवढे दिवस बंद पडतो. तेवढ्या दिवसांत निदान चष्मा तरी करून घ्या.